मीटरमधले दोन बल्ब

मिस्त्रीने किल्ली अर्धीच फिरवली, इंजिन सुरू केलं नाही. मीटरकडे बघत दोन-तीन सेकंद थांबला, किल्ली मागे घेतली, पुन्हा फिरवली. मग मान बाहेर काढून म्हणाला, "बाजी, या गाडीची ब्रेकची बत्ती कुठं गेली?"

"आमच्या गाडीत कुठलीच बत्ती लागत नाही," मी म्हणाले. थोड्या अभिमानानेच म्हणाले. २००८ ची सात सीटची डिझेल गाडी, दोन लाख किलोमीटर पळालेली, आणि चालताना मीटर कसं स्वच्छ!

मिस्त्री हसला नाही. "हँडब्रेक ओढलेला आहे ना? मग लाल बत्ती दिसायला पाहिजे. आणि किल्ली फिरवली की एबीएसची पिवळी बत्ती लागून विझायला पाहिजे. ऑइलची लागली, बॅटरीची लागली. या दोनच नाहीत."

मी हायस्कुलात विज्ञान शिकवते. वर्गात मुलांना सांगते की मीटरचा काटा शून्यावर असला तर आधी मीटर जोडलेलं आहे का ते बघा. आणि स्वतःच्या गाडीत दोन वर्षं हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

त्या रविवारी चिपळूणला खालाच्या नातीचा निकाह होता. कराडहून पाटण, हेळवाक करत कुंभार्ली घाट उतरायचा, गाडीत आम्ही सात जण. माझे मिस्टर नोकरीनिमित्त मस्कतला असतात, त्यामुळे गाडी मीच चालवते. मी गॅरेजला आले होते फक्त ऑइल बदलायला.

मिस्त्रीने मीटर बाहेर काढलं. मागच्या बाजूला छोटे बल्ब असतात, पाव फेरा फिरवले की हातात येतात. दोन जागा रिकाम्या होत्या. "जळलेले नाहीत, काढलेले आहेत," तो म्हणाला. नवे बल्ब बसवून किल्ली फिरवली तर लाल आणि पिवळा, दोन्ही दिवे लागले. हँडब्रेक खाली केला, तरी दोन्ही लागलेलेच राहिले.

मला वाटलं, आधीच्या मालकाने विकताना ऐब झाकला. घरी येईपर्यंत मी मनात त्याला बरंच काही बोलून घेतलं. रात्री जेवताना अब्बांना सांगितलं. अब्बांनी घास संपवला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "मीच काढले ते."

अब्बांनी एकतीस वर्षं एसटी चालवली, त्यातली बरीचशी कराड-चिपळूण मार्गावर. निवृत्त झाल्यावर २०१४ साली त्यांनी ही गाडी जुनी म्हणून घेतली. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर किल्ली माझ्या हातात दिली. अशा माणसाने ब्रेकचा बल्ब काढावा, हे मला पटेचना.

"तुझ्या अम्मीला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यायचो," ते म्हणाले. "लाल बत्ती लागली की ती सबंध रस्ता दुआ पुटपुटत बसायची. उतरली की हात थंडगार. मिस्त्री ऑइल टाकायचा, बत्ती विझायची. महिन्याभरात पुन्हा लागायची. नंतर पिवळीही लागली. पायाखाली ब्रेक मला कळतो ना! म्हटलं, हिला रोज घाबरवायचं कशाला?"

अम्मीला जाऊन चार वर्षं झाली. बल्ब परत बसवायचं त्यांच्याकडून राहून गेलं, की तो विषयच त्यांना नकोसा झाला होता, ते मी विचारलं नाही.

रविवारी आम्ही गाडी गॅरेजमध्येच ठेवली आणि एसटीने निकाहला गेलो. अब्बा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले आणि घाटाच्या प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबला जात होता.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी गॅरेजला गेले, अब्बाही आले. मिस्त्री तरुण आहे, पण त्याची एक गोष्ट मला आवडली. त्याने आल्या आल्या काही बदललं नाही. आधी लाल दिव्याची कारणं एकेक करून वगळली. हँडब्रेकच्या दांडीखाली एक बटणासारखा स्विच असतो. तो अडकला तरी लाल दिवा लागतो. त्याने त्या स्विचची वायर काढली, दिवा तसाच. मग बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीची वायर काढली आणि दिवा विझला. म्हणजे तक्रार तिथली. डबीत एक तरंगता तुकडा असतो, ऑइल खाली गेलं की तोही खाली जातो आणि दिव्याचा सर्किट जोडला जातो. ऑइल खालच्या रेघेच्याही खाली होतं.

"मग टाका ऑइल," अब्बा म्हणाले.

"चाचा, इंजिनसारखं हे ऑइल जळत नाही. कमी झालं तर एक तर पॅड झिजलेत, नाहीतर कुठंतरी गळतंय. वरून टाकलं तर बत्ती विझेल, गळती विझेल का?"

चारही चाकं निघाली. पुढचे डिस्क पॅड दोन-तीन मिलिमीटर उरले होते. पॅड झिजले की कॅलिपरचा पिस्टन जास्त बाहेर येतो आणि त्याच्या मागची जागा भरायला डबीतलं ऑइल खाली उतरतं. इतपत ठीक होतं. पण मागच्या डाव्या चाकाचा ड्रम काढला तेव्हा अब्बा स्टुलावरून उठून जवळ आले. आतला व्हील सिलिंडर पाझरत होता आणि ब्रेकचे लायनर ऑइलने भिजून काळे झाले होते. ते चाक थांबवायला जवळपास काहीच नव्हतं. अब्बांनी बोट लावून बघितलं, बोट रुमालाला पुसलं आणि रुमाल घडी करून खिशात ठेवला. बराच वेळ काही बोलले नाहीत.

भिजलेले लायनर धुऊन वापरता येत नाहीत, गरम झाले की ऑइल पुन्हा वर येतं. दोन्ही मागच्या चाकांचे लायनर आणि व्हील सिलिंडर बदलले. ब्रेक एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला जुना असला तर गाडी ओढते, म्हणून जोडीनेच बदलायचं. जुनं ऑइल कोऱ्या चहासारखं काळपट निघालं. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. आमच्या डबीच्या झाकणावर डॉट ४ असं लिहिलं आहे. ते ताजं असताना किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, पण ओल शिरली की ही मर्यादा १५५ च्या आसपास येऊ शकते. घाटात सतत ब्रेक दाबत उतरलं आणि ऑइल उकळलं, तर नळीत वाफ होते आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. "ज्या गिअरने चढायचं, त्याच गिअरने उतरायचं" हे अब्बा मला कायम सांगत आलेत. त्यामागचं हे कारण मी त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "कारण माहीत नव्हतं, पण उतरायचो तसंच."

नवं ऑइल भरून चारही चाकांची हवा काढली. लाल दिवा विझला. पिवळा मात्र ढिम्म!

माझ्या मुलाने मोबाइलला जोडायचं एक स्वस्तातलं कोड वाचायचं यंत्र घेतलंय. ते लावलं तर "एकही दोष नाही" असं उत्तर आलं. मुलगा खूश, मिस्त्री नाही. असली स्वस्त यंत्रं बहुधा इंजिनचेच कोड वाचतात. एबीएसचा वेगळा छोटा संगणक असतो, त्याच्याशी ती बोलतच नाहीत. मिस्त्रीने दुसऱ्या गॅरेजातून मोठा स्कॅनर मागवला. त्यावर पुढच्या उजव्या चाकाच्या सेन्सरचा दोष आला.

इथून पुढे मी गप्प बसू शकले नाही. हा सेन्सर म्हणजे चुंबक आणि तारेचं वेटोळं. समोर दातेरी कडं फिरतं आणि वेटोळ्यात बारीकशी वीज तयार होते, दहावीला आपण शिकवतो तेच विद्युतचुंबकीय प्रवर्तन. नव्या गाड्यांत वेगळ्या जातीचे सेन्सर असतात, ते असे मोजता येत नाहीत, पण आमचा जुनाच आहे. मी शाळेचा मल्टिमीटर आणला. डाव्या चाकाचा रोध अकराशे ओहम, उजव्या चाकाचा अनंत. स्टिअरिंग वळलं की वायर जिथे वाकते, तिथे आतली तार तुटली होती. वरचं रबर मात्र शाबूत.

नुसता पिवळा दिवा असेल तर साधा ब्रेक लागतो, फक्त जोरात दाबल्यावर चाकं घसरू नयेत म्हणून असलेली सोय बंद असते. लाल आणि पिवळा दोन्ही एकत्र लागले, तर मात्र मागच्या-पुढच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी व्यवस्थाही गेली असू शकते. मग मागची चाकं आधी जाम होऊन गाडी आडवी फिरण्याचा धोका असतो. अशी गाडी रस्त्याकडेला घेऊन उभी करावी. त्यातून पेडल मऊ लागत असेल, तर गॅरेजपर्यंतसुद्धा चालवत नेऊ नये.

सेन्सर यायला दोन दिवस लागले. दरम्यान एकदा मी अब्बांना म्हणाले, "मी लहान असताना तुमच्या गाडीत बॉनेटवर बसायचे. हवेचा काटा वर आल्याशिवाय तुम्ही गाडी हलवायचा नाहीत. लोक ओरडायचे, तरी नाही."

"हवेचाच ब्रेक तो. काटा खाली असताना गाडी काढली तर संपलंच."

"मग ही बत्ती म्हणजे काटाच नव्हता का?"

अब्बा थोडा वेळ रस्त्याकडे बघत राहिले. "तो काटा बघायला तुझी अम्मी शेजारी बसलेली नसायची," ते म्हणाले.

सगळं मिळून साडेअकरा हजार रुपये झाले. नवा सेन्सर बसवून गल्लीच्या टोकापर्यंत गाडी नेली आणि पिवळा दिवा विझला. घरी आल्यावर अब्बांनी कपाटातून एक डबी काढली. तिच्यात त्यांचा एसटीचा बिल्ला असतो. बिल्ल्याखाली कागदात गुंडाळलेले दोन छोटे बल्ब होते. "चालू आहेत," म्हणाले. "गाडीतच ठेव, लागतील."

ईदच्या दुसऱ्या दिवशी चिपळूणला दावत होती. फजरनंतर सामान भरलं, सगळे बसले, अब्बा माझ्या शेजारी. मी किल्ली फिरवणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"अर्धीच फिरव. लागल्या?"

"लागल्या."

"आता इंजिन चालू कर. हँडब्रेक सोड." ते चष्मा नाकावर सरकवून मीटरजवळ वाकले. "विझल्या?"

"दोन्ही विझल्या."

"मग काढ बाहेर. बिस्मिल्लाह."