एरंडेलाचा वास

परवा शेजारच्या काकू आमच्या दारातच थबकल्या. पदर नाकाला लावून म्हणाल्या, "कुणाचं पोट बिघडलंय का हो? एरंडेलाचा वास येतोय!" मला हसू आवरेना. म्हटलं, "नाही हो काकू, आमच्या भाऊजींची होडी सुरू झालीय अंगणात!"

तुम्हीही हसाल, मैत्रिणींनो. पण वर्षा-दीड वर्षापूर्वी आमच्या घरात कुणी हसत नव्हतं.

माझं माहेर लातूर, सासर नांदेड. धाकट्या दिरांना दहावीला उत्तम गुण मिळाले, तेव्हा त्यांना लातूरला ठेवावं हा आग्रह माझाच. 'लातूर पॅटर्न'चा मला माहेरच्या माणसासारखा अभिमान! माझ्या आईकडे राहतील, घरचं जेवतील, नीट देतील आणि डॉक्टर होतील. सगळं मीच ठरवून टाकलं. भाऊजींना विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

पहिल्या खेपेला थोडक्यात हुकलं. दुसऱ्या खेपेला गुण आणखीच घसरले. एक दिवस अहमदपूर-लोह्यावरून येणाऱ्या एसटीनं भाऊजी परत आले, ते जणू बोलणं लातुरातच विसरून. जेवायला बसायचे, उठायचे, खोलीचं दार लावून घ्यायचे. सासूबाई मला थेट काही बोलल्या नाहीत. पण "तुमच्या लातूरला पाठवलं होतं ना," असं पाहुण्यांना सांगताना 'तुमच्या'वर जो जोर यायचा, तो माझ्या जिव्हारी लागायचा. रात्री त्या बंद दाराकडे बघून माझ्या पोटात गोळा यायचा. भलतंसलतं ऐकतो, वाचतो आपण...

एक दिवस माझा मिक्सर बंद पडला. दुपारी बघते तर भाऊजींनी तो उघडून जमिनीवर मांडलेला. संध्याकाळपर्यंत चटणी वाटून झाली! त्या दिवशी ते आपण होऊन बोलले. "वहिनी, हा मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेतो. होडीचं इंजिन याहूनही जास्त घेतं."

"कसली होडी?" मी विचारलं. आणि कितीतरी महिन्यांनी ते सलग बोलले.

रेडिओच्या रिमोटवर चालणारी, 'हायड्रोप्लेन' जातीची शर्यतीची होडी. आपली होडी पाणी कापत जाते. ही वेगात आली की पाण्यावर टेकते न टेकते. पुढचे दोन पाय आणि मागे अर्धा बुडालेला पंखा, एवढ्या तीनच ठिकाणी तिचा पाण्याला स्पर्श. इंजिन साडेतीन सीसीचं, मुठीत मावेल एवढं. त्याला पेट्रोल चालत नाही. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि वंगणासाठी तेल, असं मिश्रण लागतं. नायट्रोमिथेनमध्ये प्राणवायू आधीच असतो, म्हणून तेवढ्याच हवेत जास्त इंधन जळतं आणि ताकद वाढते.

इंजिन जुनं, हैदराबादला एकाकडे मिळत होतं. ह्यांनी साफ नकार दिला. "अभ्यास सोडून खेळणी?" म्हणाले. मी तासिका तत्त्वावर शाळेत शिकवते. मानधन ते केवढं, आणि तेही चार-चार महिन्यांनी हातात पडतं! त्यातून साडी घ्यायची ठरली होती. ती राहिली. इंजिन आलं.

मग आमची मागची पडवी म्हणजे कारखानाच झाला. पातळ प्लायवूड, एपॉक्सी, पॉलिश पेपर. होडी उलटली तरी बुडू नये म्हणून पोटात थर्माकोलचे तुकडे. रिमोटचा रिसीव्हर भिजू नये म्हणून तो फुग्यात गुंडाळून माझ्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवला. डब्यातला रवा गेला पिशवीत! मी एकच अट घातली. इंधनाची बाटली स्वयंपाकघराच्या आसपास दिसता कामा नये. मिथेनॉल हे जहर आहे. विषारी दारूनं माणसं मरतात, आंधळी होतात, ती त्यानंच. शिवाय उन्हात त्याची ज्योत डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. म्हणून बाटलीवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी, आणि बाटली कुलपात.

पहिल्यांदा इंजिन सुरू झालं त्या दिवशी केवढा आवाज! सासूबाई जपमाळ टाकून धावत आल्या. "काय करायलास रे? घर पेटवतोस का?" आणि मग एकदम थांबल्या. वास घेतला. "अगं बाई, हे तर एरंडेल!"

खरंच होतं ते. इंधनात शेकडा 18-20 भाग तेल असतं आणि त्यात एरंडेल कधीचं वापरतात, कारण खूप तापलं तरी ते वंगणाचं काम सोडत नाही. "आम्ही पोरांच्या पोटासाठी द्यायचो, आता यंत्राच्या पोटात घाला," सासूबाई म्हणाल्या. आणि भाऊजी हसले! सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. धुरानं, असं त्या सांगतात.

आता पाणी हवं. इथं माझ्यातली लातूरकर जागी झाली. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, ते दिवस मी विसरलेले नाही. आई एका बादलीत धुणं, भांडी, सगळं निभवायची. तेव्हा म्हटलं, पिण्याच्या पाण्यात हे तेलकट धूड उतरवायचं नाही. शेततळंही नको. त्याच्या प्लास्टिकवरून पाय घसरला की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. शेवटी ओळखीच्यांच्या शेतालगत पाणी साचलेली जुनी खदान मिळाली. बंद पडलेली होडी ओढायला दोरीला बांधलेला चेंडू घेतला. पाण्यात कुणी उतरायचं नाही, हे बजावून ठेवलं.

शर्यतीला लातूरहून भाऊजींचा मित्र आला, त्यांच्यासारखाच दोनदा नीट दिलेला. त्याची होडी बॅटरीची. तेलाचे रिकामे कॅन दगड बांधून पाण्यात सोडले आणि त्यांना उजवीकडून वळसे घालायचे ठरले. अशा होड्या उजवीकडेच वळतात. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे प्रदक्षिणाच की!" सरावात पन्नास मीटरला जेमतेम तीन सेकंद लागले. ताशी साठ किलोमीटर! मी श्वास रोखून बसले होते.

खरी शर्यत मात्र आम्ही हरलो. दुसऱ्या फेरीत समोरून वारा आला. होडीचं नाक उचललं, खाली हवा शिरली आणि होडी हवेत कोलांटी घेऊन उताणी पडली. माझ्या काळजात धस्स झालं. आता हा मुलगा पुन्हा दार लावून घेणार...

पण भाऊजी टाळ्या पिटत होते! "वहिनी, बघितलं? वजन मागे जास्त झालं!" घरी येईपर्यंत तेच. 1967 मध्ये इंग्लंडच्या कॉनिस्टन तळ्यावर डोनाल्ड कॅम्पबेल यांची 'ब्लूबर्ड' अशीच उलटली आणि त्यात ते गेले. पण पुढं ऑस्ट्रेलियात केन वॉर्बी यांनी घराच्या परसात होडी बांधली आणि 8 ऑक्टोबर 1978 ला ती ताशी 511 किलोमीटरनं पळवली. तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. "परसात, वहिनी!" हे त्यांनी तीनदा सांगितलं.

त्याच रात्री ताटावर भाऊजी शांतपणे म्हणाले, "मी तिसऱ्यांदा नीट देणार नाही. मला यंत्रं शिकायचीत." ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आधी ठरवलं ते मी. चुकलं माझं. आता त्यांना ठरवू द्या." घास हातातच राहिला माझा. पण सासूबाईंनी भाऊजींच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली, आणि विषय मिटला. यंदा ते डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला आहेत.

शाळेत मी मुलांना नेहमी "किती मार्क पडले?" असंच विचारायची. हल्ली आधी विचारते, "घरी काय काय उघडून बघतोस रे?" वर्गात हात कितीतरी वर होतात.

होडीचं वजन आता पुढं सरकवलंय. पुढच्या रविवारी लातूरकर पुन्हा येणार आहे. माझा रव्याचा डबा मात्र अजून परत मिळालेला नाही.