कॅनव्हासची मागची बाजू

ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातली आदिवासी चित्रं म्हटली की सगळे ठिपक्यांबद्दल बोलतात. मला मात्र कॅनव्हासची मागची बाजू पाहायला आवडते. चित्रकाराचं नाव आणि ते विकणाऱ्या कलाकेंद्राच्या वहीतला नोंद क्रमांक तिथे लिहिलेला असतो. या दोन ओळींसाठी बराच झगडा झालाय.

१९७१ साली ॲलिस स्प्रिंग्ज शहरापासून अडीचशे किलोमीटरवरच्या पपुन्या वसाहतीत जेफ्री बार्डन हा शिक्षक आला. त्याच्या शाळेच्या भिंतीवर तिथल्या जाणत्या पुरुषांनी मधमुंग्यांची पूर्वजकथा रंगवली. (पुढे त्या भिंतीवर रंग फासला गेला!) १९७२मध्ये ‘पपुन्या तुला आर्टिस्ट्स’ ही कंपनी उभी राहिली. तिचे मालक आजही चित्रकारच आहेत. आपल्या गावच्या दूध सोसायटीचं जे काम, तेच अशा कलाकेंद्रांचं: रंग-कॅनव्हास पुरवायचा, माल नोंदवायचा, विकायचा आणि पैसे ज्याचे त्याला द्यायचे. चित्रं जमिनीवर मांडी घालून, गप्पा मारत रंगतात; पोरं-कुत्री भोवती असतातच.

केंद्राबाहेरचा बाजार बेभरवशाचा. चित्रकार क्लिफर्ड पॉसमचं ‘वार्लुगुलाँग’ हे चित्र १९७७चं. ते सुरुवातीला १,२०० डॉलरला गेलं आणि २००७च्या लिलावात २४ लाखांना. चित्रकार २००२मध्येच वारला होता. पुनर्विक्रीतले पाच टक्के चित्रकाराला देणारा कायदा लागू झाला २०१०मध्ये. उशीर झाला, पण झाला.

त्याच वाळवंटातल्या किंटोर वस्तीची गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. तिथल्या मूत्रपिंडाच्या रुग्णांना डायलिसिससाठी पाचशे किलोमीटरवरच्या ॲलिस स्प्रिंग्जलाच जाऊन राहावं लागे. आठवड्यातून तीनदा यंत्राला जोडून घ्यायचं म्हटल्यावर घर सुटलंच. म्हातारी माणसं आपल्या भूमीपासून तुटून तिकडेच मरत. मग किंटोर आणि किविरकुरा या वस्त्यांमधल्या स्त्री-पुरुषांनी मिळून चार मोठे कॅनव्हास रंगवले. २०००मध्ये सिडनीत लिलाव झाला, दहा लाख डॉलरहून जास्त जमले आणि २००४मध्ये डायलिसिसचं यंत्र किंटोरमध्येच सुरू झालं. सरकारला सुचलं नाही ते चित्रांनी केलं, असं मी म्हणेन. आणि हे त्यांच्यावर सोडायला नको होतं, असंही म्हणेन.

आपल्याकडे डहाणूकडच्या वारली चित्रांना चित्रकार भास्कर कुलकर्णींमुळे कागद मिळाला तोही सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच. आज ती कुर्त्यांवर, कपांवर सर्रास दिसतात. चित्रकाराचं नाव क्वचितच. पुढच्या वेळी असं काही घ्याल तेव्हा दुकानदाराला एवढं विचाराच: हे काढलं कोणी, आणि यातले त्याला किती मिळाले?