खाडीकाठची दुबई

दुबई, जानेवारी

प्रिय कुंदे,

बुर्ज खलिफा पाहिला का, म्हणून विचारलंस. पाहिला गं. 828 मीटर उंच, लिफ्ट मिनिटभरात 124व्या मजल्यावर नेऊन सोडते आणि कानांना दडे बसतात. भव्य आहेच, पण त्याचे फोटो तूही ढीगभर पाहिलेस. मला तुला सांगायचंय ते खाडीबद्दल.

समुद्राची एक खाडी जुन्या शहरात आतपर्यंत शिरलीय. या काठाला बर दुबई, त्या काठाला देरा. पलीकडे जायला अब्रा नावाच्या लाकडी होड्या. होडीच्या मधोमध लांब बाक, त्यावर पाठीला पाठ लावून, पाण्याकडे तोंड करून बसायचं. कठडा नावालाच. नावाडी मधल्या खळग्यात उभा राहून इंजिन सांभाळतो आणि पैसेही गोळा करतो. भाडं एक दिरहम, म्हणजे आपले वीस-पंचवीस रुपये. माझ्या एका बाजूला सुटाबुटातला ऑफिसवाला, दुसऱ्या बाजूला भाजीच्या पिशव्या घेतलेली फिलिपिनो मुलगी.

देऱ्याच्या धक्क्यावर गलबतं एकाला एक खेटून उभी असतात. फुटपाथवरच फ्रिज, टायर, पोती, खोके रचून ठेवलेले. काही माल इराणला जायचा, काही सोमालियाला. मी तिथे किती वेळ रेंगाळले! कारण या शहराचा पैसा कुठून आला ते तिथे डोळ्यांना दिसतं. आपण सगळेच म्हणतो, तेलामुळे. पण तेल सापडलं 1966 साली. त्याआधीच दुबईचे तेव्हाचे राज्यकर्ते शेख राशिद यांनी कर्ज काढून खाडीतला गाळ उपसून घेतला होता, मोठी जहाजं आत यावीत म्हणून. पुढे 1979 मध्ये जबल अलीचं प्रचंड बंदर सुरू झालं. आज दुबईच्या उत्पन्नात तेलाचा वाटा अगदी किरकोळ आहे. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

आणि त्याही आधी इथे मोती होते. पाणबुडे समुद्रातून शिंपले काढायचे आणि मोती विकायला व्यापारी थेट मुंबई गाठायचे. 1930च्या दशकात जपानी संवर्धित मोत्यांनी तो धंदा बसवला. पण मुंबईशी नातं टिकलं. 1966 पर्यंत इथे रुपयाच चालायचा. आखातासाठी वेगळ्या नोटा आपली रिझर्व्ह बँक काढायची! हे कळल्यावर मला या शहराबद्दल एकदम आपलेपणा वाटायला लागला.

जुन्या अल फहिदी वस्तीत घरांवर चौकोनी वातमनोरे आहेत. वरून वारा धरून खाली खोलीत सोडतात. मी एकाखाली उभी राहिले, तर अंगावर खरोखर गार झुळूक आली. विजेच्या आधीची माणसं इथे कशी राहत असतील, याचं उत्तर त्या मनोऱ्यात आहे.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिलीय. इथल्या दहा माणसांतली जवळजवळ नऊ बाहेरून आलेली. संध्याकाळी बांधकामांवरून कामगारांच्या बसेस निघतात. खिडकीला डोकं टेकून झोपलेली पोरं दिसतात, आपल्याकडची, नेपाळची, बांगलादेशची. आमचा नावाडी चितगावचा. हिंदीत म्हणाला, मुलगी शाळेत जायला लागली, पण मी तिला फोनवरच मोठी होताना पाहिलं. उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी आहे, ते चांगलंच. पण ज्यांच्या घामावर हे शहर उभं आहे, त्यांचा व्हिसा नोकरीला बांधलेला. नोकरी संपली की बाडबिस्तरा आवरायचा. हे मला पटलं नाही आणि पटणारही नाही.

तू इथे एकदा येच. मार्चपर्यंत हवा छान असते, पुढे ऊन सोसवत नाही. आणि पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर याच आठवड्यात अर्ज कर.

तुझी,
शैला