काढा नव्हे, सायडर!

ग्लास हातात आला, मी तो नाकापर्यंत नेला आणि तसाच खाली घेतला.

ऑक्टोबर २०२३. स्थळ : स्टो, मॅसॅच्युसेट्स. बॉस्टनपासून गाडीने साधारण तासाभरावरचं, सफरचंदाच्या बागांचं छोटंसं गाव. हवेत मस्त गारठा, मेपलची झाडं लाल-केशरी झालेली, पोरंटोरं भोपळ्यांवर चढून फोटो काढून घेतायत. बागेतल्या दुकानासमोर ही मोठी रांग. ती कशासाठी? तर 'हॉट स्पाइस्ड सायडर'साठी. म्हणजे सफरचंदाचा ताजा रस, दालचिनी-लवंग घालून गरम केलेला. न्यू इंग्लंडला 'फॉल'मध्ये आलीस आणि हा प्यायला नाहीस तर तिकिटाचे पैसे वाया, असं जिजूंनी मला एअरपोर्टवरच बजावलं होतं.

प्रॉब्लेम एवढाच की, दालचिनी-लवंगेची गरम वाफ म्हणजे माझ्यासाठी एप्रिल २०२१. आमच्या पुण्याच्या घरात तेव्हा दिवसातून तीन वेळा काढा उकळायचा. दालचिनी, लवंग, मिरी, सुंठ, तुळस. बाबांना ताप होता. मग हॉस्पिटल, मग मे महिना, आणि मग आम्ही दोघीच. आई आणि मी. त्यानंतर घरात काढा झाला नाही. मसालेभातातली दालचिनी चालते मला, पण तिची वाफ चेहऱ्यावर आली की पोटात कालवतं.

"काय गं, आवडला नाही?" ताईने विचारलं.

"गरम आहे," मी म्हटलं आणि ग्लास तिच्या हातात दिला.

ताईला यातलं काही माहीत नव्हतं. कारण ताई तेव्हा नव्हती. तिच्या व्हिसाचा शिक्का संपलेला, पदरात सहा महिन्यांचं बाळ. भारतात आली असती तर परत कधी जाता येईल याची काहीच गॅरंटी नव्हती. हे सगळं मला तेव्हाही कळत होतं. पण कळणं वेगळं आणि राग न येणं वेगळं! तो राग अडीच वर्षं मी नीट इस्त्री करून घडी घालून ठेवला होता आणि त्याच बॅगेतून चकल्या-चिवड्यासोबत अमेरिकेला घेऊन आले होते.

असो. सायडर प्यायला नाही तरी तो बनताना बघायला काय हरकत होती? दुकानामागेच सायडर मिल होती.

आता कुणाला वाटेल, सायडर म्हणजे दारू ना? इंग्लंडमध्ये हो. अमेरिकेत मात्र नुसतं 'सायडर' म्हटलं की सफरचंदाचा न गाळलेला, गढूळ तपकिरी, बिनदारूचा रस. आंबवलेला हवा असेल तर 'हार्ड सायडर' मागायचा. आणि सुपरमार्केटमध्ये बाटलीत चमकतो तो सोनेरी 'ॲपल ज्यूस' वेगळाच. तो गाळून पारदर्शक केलेला असतो. सायडर गाळत नाहीत, म्हणून गराचे बारीक कण त्यात राहतात आणि हवा लागून रंग तपकिरी होतो. कापून ठेवलेली फोड काळी पडते ना, तोच प्रकार.

ही मिल म्हणजे थेट आपलं गुऱ्हाळ! सफरचंदं आधी धुतात, मग सालीबियांसकट दळतात. तो लगदा कापडात घडी घालून लाकडी फळ्यांवर ठेवायचा, त्यावर दुसरी फळी, दुसरं कापड, अशी थरांवर थर चढवत चळत करायची आणि वरून प्रेसने दाबायचं. चारी बाजूंनी रस पाझरायला लागतो. या चळतीला तिथे 'चीज' म्हणतात, का ते देव जाणे. उरलेला चोथा गुरांना. एका गॅलनला, म्हणजे पावणेचार लिटरच्या जरा वर, तीन डझन सफरचंदं तरी लागतात. तीही एका जातीची नाहीत. आंबटसर मॅकिंटॉश, गोडसर कॉर्टलँड, आणखी हाताला लागतील त्या दोन-चार. नुसत्या गोड सफरचंदांचा सायडर म्हणजे लिंबू-आलं न घातलेला उसाचा रस!

मिलच्या कॅनवर इशाऱ्याची पट्टी दिसली तर दचकू नका. १९९६ मध्ये अमेरिकेत न तापवलेल्या सफरचंदाच्या रसातून इ. कोलाय जंतूंची साथ पसरली आणि एक तान्ही मुलगी दगावली. तेव्हापासून पाश्चराइझ न केलेल्या रसावर तसं छापणं सक्तीचं झालं. काही मिलवाले आता उष्णतेऐवजी अतिनील किरणांनी जंतू मारतात, म्हणजे चव ताज्या रसासारखीच राहते. घरी गरम करून पिणाऱ्यांनी तो ७१ अंश सेल्सिअसच्या वर नेला की विषय संपला.

सायडरचं आणि या भागाचं नातं जुनं आहे. सतराव्या शतकात इंग्लंडहून लोक इथे आले, सोबत सफरचंदाच्या बिया आणल्या. बीपासून लावलेलं सफरचंद कधीच आईसारखं निघत नाही. बहुतेक झाडांची फळं आंबट, तुरट, खाववणार नाहीत अशी. मग त्यांचं करायचं काय? पिळा आणि प्या! पिंपात ठेवलेला रस आपोआप आंबायचा, त्यामुळे 'सायडर' म्हणजे तेव्हा हार्डच. अमेरिकेचे दुसरे अध्यक्ष जॉन ॲडम्स रोज सकाळी उठल्यावर टमरेलभर सायडर घ्यायचे. याच राज्यातल्या लेमिन्स्टर गावात १७७४ साली जन्मलेला जॉन चॅपमन मिलच्या चोथ्यातल्या बिया घेऊन पश्चिमेकडे गेला आणि रोपवाटिका लावत हिंडला. 'जॉनी ॲपलसीड' तो हाच. शाळेच्या पुस्तकांत तो पोरांना सफरचंद वाटणारा साधू असतो. खरं तर त्याच्या रोपांची फळं बहुतेक करून पिंपातच जायची. मग १९२० ची दारूबंदी आली आणि हार्ड सायडर बराच काळ विस्मरणात गेला. गोड सायडर मात्र टिकला.

मसाल्याची बाजू बघायची तर सेलमला जायला हवं. बॉस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून लोकलने अर्धा तास. हे गाव जगाला माहीत आहे ते १६९२ च्या चेटकिणींच्या खटल्यांमुळे. ऑक्टोबरमध्ये तिथे टोकदार टोप्यांची एवढी गर्दी असते की, तुळशीबाग परवडली. पण गर्दीतून वाट काढत पीबडी एसेक्स म्युझियम गाठा. अठराव्या शतकाच्या शेवटाला सेलमची जहाजं सुमात्राहून मिरी आणायची, आणि त्या कप्तानांनी १७९९ मध्ये काढलेल्या सोसायटीतून हे म्युझियम उभं राहिलं. त्यांची जहाजं मुंबईलाही यायची बरं का! मुंबईतले त्यांचे पारशी दलाल नसरवानजी माणेकजी यांचं पोर्ट्रेट या म्युझियमच्या संग्रहात आहे. म्हणजे मी ज्या वासापासून पळत होते, तो इथे दोनशे वर्षांपूर्वीच पोचला होता, आणि तोही आपल्याच बाजूच्या समुद्रातून.

सेलमला मी एकटीच गेले होते. परत येताना गावातल्या एका दुकानातून दालचिनी, लवंग आणि ऑलस्पाइसची पुडी घेतली. ऑलस्पाइस हे मिरीपेक्षा जरा मोठं, जमैकाकडचं फळ. त्याला लवंग, जायफळ आणि दालचिनी या तिन्हींचा मिळून वास येतो. का घेतली पुडी? माहीत नाही. सुट्टीचे चार दिवस उरले होते आणि आईने मला एक प्रश्न विचारून यायला सांगितलं होतं : "तिला विचार, परत कधी येणार?" तो प्रश्न अजून घशातच होता. हातांना काहीतरी काम असलं की असले प्रश्न विचारायला सोपे जातात, हा माझा अनुभव.

त्या रात्री भाचा झोपल्यावर ताईच्या किचनमध्ये मी पातेलं चढवलं. अर्धा गॅलन सायडर, त्यात अंदाजपंचे मसाला. मूठभरच म्हणा ना. वर गॅस मोठा. पंधरा मिनिटांत रटरटायला लागलं.

ताई आली, चमच्याने चव घेतली आणि म्हणाली, "अगं, हा काढा झालाय."

मी एकदम म्हटलं, "तुला गं काय माहीत काढ्याचा वास?"

ती काही बोलली नाही. गॅस बंद केला. मग म्हणाली, "रोज साडेसातला आई बाबांना काढा द्यायची ना, तेव्हा व्हिडिओ कॉल असायचा. तुमची संध्याकाळ, माझे सकाळचे दहा. मी इथे तसाच करायचे आणि त्यांच्याबरोबर प्यायचे. बाबा म्हणायचे, चीअर्स."

मला हे माहीतच नव्हतं. त्या वेळेला मी नेमकी औषधांच्या, ऑक्सिजनच्या नाहीतर कसल्या तरी रांगेत असायचे.

"ते पातेलं मी नंतर टाकून दिलं," ताई म्हणाली. "जिजूंना तुझ्या अजून माहीत नाही. शोधत होते बिचारे."

मग आम्ही दोघी ओट्याला टेकून बराच वेळ रडलो, थोडं हसलोही. आईचा प्रश्न मी विचारला. ताई म्हणाली, "आईला सांग, जूनमध्ये येते, महिनाभर. कायमचं विचारू नको म्हणावं." मी तो निरोप तसाच पोचवला.

कडू सायडर सिंकमध्ये गेला. दुसरं पातेलं ताईने चढवलं, तिच्या शेजारीणबाईंनी शिकवलेल्या पद्धतीने. त्यातली पहिली अट : उकळायचं नाही! काढ्यात आपण मसाल्याचा अर्क काढतो, पाणी आटवतो. इथे उलट. मसाल्याने फक्त वळसा घालून जायचं. दीड-दोन लिटर सायडरला दालचिनीच्या तीन कांड्या, सहा-सात लवंगा, चार-पाच ऑलस्पाइस, बास. लवंगा संत्र्याच्या एका जाड चकतीत टोचायच्या, म्हणजे नंतर चकतीसकट उचलता येतात. एक विसरली तरी चव बिघडते. संत्र्याची साल घालायची ती वरची केशरीच, आतली पांढरी कडवट लागते. जायफळ किसणीवर दोनदा फिरवायचं, तिसऱ्यांदा नाही. आणि गॅस मंद. कडेने बारीक बुडबुडे आले, वाफ निघायला लागली की तिथेच थांबवायचं आणि झाकण ठेवून अर्धा तास तसंच मंद ठेवायचं. साखर अजिबात नाही. पावडर दालचिनी तर नकोच नको, तळाला चिखल होतो.

अर्ध्या तासाने मी कप घेतला. वाफ चेहऱ्यावर आली. आधी संत्रं आलं, मग सफरचंद, आणि सगळ्यात शेवटी, जरा लांबून, दालचिनी. मी प्यायले. दोन कप प्यायले.

इतका आवडला की, एक कॅन आईसाठी न्यायचा हट्ट धरला. ताईने सांगून पाहिलं की हा टिकत नाही. मी ऐकलं नाही आणि जागा नाही म्हणून कॅन फ्रिजऐवजी गॅरेजमध्ये ठेवला. मधले तीन दिवस ऊन छान पडलं होतं. निघायच्या दिवशी बघते तर कॅन फुगून टम्म! झाकण उघडताच फस्सकन फेस आला. जॉन ॲडम्स खूश झाले असते. एअरलाइनवाले नसते झाले.

मग पुण्यात काय? नोव्हेंबरमध्ये मार्केट यार्डात किन्नौरची सफरचंदं आली होती. हिमाचलच्या सफरचंदांचं मूळही तिकडचंच आहे. फिलाडेल्फियाचा सॅम्युअल स्टोक्स १९०४ मध्ये भारतात आला, कोटगडला राहिला, पुढे सत्यानंद झाला. त्यानेच १९१६ मध्ये तिथे अमेरिकन रेड डेलिशियसची झाडं लावली. गोडच गोड जात, म्हणून मी दोन किलो लालमध्ये तीन हिरवी ग्रॅनी स्मिथ टाकली. फोडी करून बिया काढल्या, मिक्सरमधून फिरवलं आणि जुन्या मलमलच्या ओढणीत घालून पिळलं. दंड भरून आले, पण लिटरभर रस निघाला. ऑलस्पाइस नसेल तर एक लवंग जास्त घाला, चालतं.

पातेलं मंद गॅसवर होतं. आई दुपारची झोपेतून उठून स्वयंपाकघराच्या दारात आली आणि तिथेच थबकली.

"कुणाला बरं नाहीये?"

"सगळे बरे आहेत," मी म्हटलं. "बस इथे."

ताईला फोन लावला. तिकडे सकाळ व्हायची होती, ती डोळे चोळतच दिसली. आईने कप दोन्ही हातांत धरला, बराच वेळ नुसती वाफ घेतली, मग एक घोट. मग स्क्रीनकडे बघून म्हणाली, "आलं घालायला हवं होतं गं यात."

"आई, प्लीज!" आम्ही दोघी एकदमच ओरडलो.

"बरं बरं," आई म्हणाली आणि कप पुढे केला. "अजून आहे का?"