राजूरच्या ओसरीतील अवजारांचे रेखाटन

घरगुती अवजारांच्या रेखाटनात आकाराइतकीच झीजही बोलते. अकोले तालुक्यातील राजूर येथे एका घराच्या ओसरीत टांगलेले काळ्या शाईचे रेखाटन प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आले, ते या दृष्टीने नमुनेदार आहे. जाते, उखळ-मुसळ, पाटा-वरवंटा, विळी, रवी आणि इरले अशा त्याच घरातील वस्तू त्यात एका कागदावर काढलेल्या आहेत.

सर्वांत सरस उतरला आहे तो पाटा. कडेला टाकीचे ठिपके दाट आहेत, वरवंटा फिरतो त्या पट्ट्यात ते विरळ होत जातात आणि मधोमध कागद कोराच सोडला आहे. पाटा गुळगुळीत झाला की वाटण नुसते घसरते. मग टाकी लावून दगड पुन्हा खरबरीत करून घ्यावा लागतो. हा पाटा टाकीला आलेला आहे, हे चित्रावरूनच कळते. पाठ्यपुस्तकातील आकृतीत पाटा नेहमी नवाकोरा असतो. तो ओळखू येतो, पण कोणाच्या घरातला वाटत नाही.

जात्याचा खुंटा मुठीच्या जागी बारीक झाला आहे. विळीची पात वारंवार पाजवून अरुंद झालेली दिसते. रवी मात्र फसली आहे. दांड्यावर दोरीचे घट्टे नेमके टिपले आहेत, पण दोरीच नाही. ताक घुसळताना ज्याने पाहिले नाही त्याला ती शोभेची वस्तू वाटेल.

इरल्याला सर्वाधिक जागा दिली आहे, आणि ते योग्यच. या भागातील पावसात भातलावणी वाकून करायची, तर डोके आणि पाठ झाकून दोन्ही हात मोकळे ठेवणारे साधन हवे. तेथे छत्रीचे काम नाही. चित्रकाराने एक इरले उताणे काढले आहे, त्यामुळे बांबूच्या कामट्यांची आतली वीण दिसते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे अशा घरगुती वस्तूंचा मोठा संग्रह आहे, पण काचेआडची वस्तू अशी उलटून पाहता येत नाही. शेजारच्या पालथ्या इरल्यावरील पाने पळसाची आहेत, असे घरातील आजींनी शिरांवरून ओळखले. हल्ली त्या पानांच्या जागी प्लास्टिकचा कागद बांधतात.