वही आणि वीणा

आमच्या मारुतीपुढं हरिपाठ उभा राहिला की वीणा आजोबांच्या गळ्यात असायची. एका हाताची बोटं तारेवर, दुसऱ्या हातात चिपळी. वही धरायला हातच उरत नाही. त्यांना अक्षरओळख नव्हती. औतामागं चालता चालता घोकलेले अभंग तोंडात बसले होते. आमचं गाव गंगाखेड तालुक्यातलं, जनाबाईच्या मुलखातलं. दळता-कांडता म्हटलेलं तोंडात राहतं, यावर इथं कुणाला शंका नाही.

मी शाळेत गेलेला. दोनशेपानी वहीत अभंग उतरवून घेऊ लागलो. आजोबांनी कधी अडवलं नाही. एवढंच म्हणाले, "पोरा, वही बघशील तर पाय कुणाचे बघशील?"

ते मला सप्ताहात कळलं. वीणा पहिल्यांदाच माझ्या गळ्यात आली होती. चुलतभाऊ समोर वही धरून उभा. टाळकऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर, पाऊल पुढं, वाकून टाळ, पाऊल मागं, अशी पावली चाललेली. पखवाज द्रुतात गेला आणि मी पुढच्या चरणाचं अक्षर शोधत राहिलो. एक रांग वळली, दुसरी पुढंच आली. एका म्हाताऱ्या टाळकऱ्याच्या मनगटावर टाळ बसला. ते काही बोलले नाहीत, मनगट चोळत पुन्हा रांगेत उभे राहिले. त्या रात्री मला झोप आली नाही.

पुढं तोच चुलतभाऊ आळंदीला गेला, विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली काढलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत. ४ वर्षांचा अभ्यास. पाठांतराची रीत मी त्याच्याकडूनच घेतली: पहाटे एक अभंग, दिवसभर तोच, रात्री पुस्तक मिटून. वहीचे उपकार मी विसरलो नाही. तिच्यावाचून निम्मे अभंग माझ्यापर्यंत आलेच नसते. पण तिची जागा मांडीवर. पावलीत ती नको, हे मी आता पोरांना निक्षून सांगतो, मोबाइललाही तेच.

माझ्या खिशात एक चिठ्ठी असते, अभंगांचे पहिले शब्द क्रमानं लिहिलेली. वीणा गळ्यात घेण्याआधी ती वाचतो आणि मारुतीच्या पायरीवर ठेवतो.

परवा पावली रंगात आली होती. लय वाढवायची वेळ झाली, तेवढ्यात दिसलं, कडेच्या टाळकऱ्याचा डावा गुडघा वाकत नाही. लय तिथंच धरली. पखवाज्यानं माझ्याकडं पाहिलं आणि हात हलका केला.