धाडसी मुलगी हवी आहे

"एक धाडसी मुलगी हवी होती," मी काउंटरवरच्या बाईंना म्हणालो.

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "वधू-वर सूचक मंडळ वरच्या मजल्यावर. हे वाचनालय आहे."

त्यांची चूक नव्हती. वीस वर्षं बँकेच्या काउंटरआड बसून "फॉर्म नीट भरून आणा" असं लोकांना सुनावणाऱ्या माझ्यासारख्या बी.कॉम. माणसाला काउंटरच्या अलीकडे उभं राहून स्वतःची मागणी नीट सांगता येत नाही, हेच खरं.

मागणी मूळची आमच्या लेकीची. वय वर्षं बारा, मुक्काम मुलुंड. मे महिन्याच्या सुट्टीत तिला मराठी वाचनाची गोडी लागावी म्हणून मी माझा जीव की प्राण असलेला 'फास्टर फेणे' तिच्या हाती दिला होता. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा काटकुळा पोरगा सायकलवरून चोरांच्या मागे धावायचा आणि लहानपणी मी त्याच्या मागे! लेकीने दोन दिवसांत चार पुस्तकं फस्त केली आणि म्हणाली, "मस्त आहे. पण आता मुलगी असलेलं आण. जादू, राक्षस, गुहा, सगळं पाहिजे."

खुलासा ऐकून बाई हसल्या. म्हणाल्या, "अहो, मराठी कादंबरीचं बारसंच मुलींच्या नावांनी झालंय. १८६१ साली लक्ष्मण मोरेश्वर हळब्यांची 'मुक्तामाला', १८६८ साली नारो सदाशिव रिसबुडांची 'मंजुघोषा'. दोन्ही अगदी अद्भुतरम्य!"

ही माहिती मी रात्री जेवताना, जणू लहानपणापासून मला ठाऊक होती अशा थाटात, लेकीला सांगितली.

"पण त्या करतात काय?" तिने विचारलं.

"काय म्हणजे? त्यांच्यावर संकटं येतात."

"येतात, की त्या जातात संकटांकडे?"

माझा घास तोंडातच राहिला. जमाखर्चातली चूक मला लगेच दिसते. संकटं नायिकेच्या नावे आणि पराक्रम राजपुत्राच्या जमा, असा हा एकूण हिशेब! अब्रू वाचवण्यासाठी मी विलायतेला धाव घेतली. म्हटलं, "त्याच सुमारास, १८६५ साली, लुइस कॅरलची अ‍ॅलिस सशामागे बिळात उतरली की नाही? तीसुद्धा कुणाला न विचारता!"

"तू तिचा बाबा असतास तर बिळाच्या तोंडाशीच पुस्तक संपलं असतं," लेक म्हणाली.

स्वयंपाकघरातून हिचं हसू ऐकू आलं, तेव्हा विषय पुस्तकाचा राहिलेला नाही हे माझ्या लक्षात आलं. महिनाभर ती घाटकोपरच्या मावशीकडे लोकलने एकटी जायचं म्हणत होती. नाहूर, भांडुप, कांजुरमार्ग, विक्रोळी, घाटकोपर. पाच स्टेशनं! प्रत्येक स्टेशनावर मी एकेक राक्षस उभा करून ठेवला होता. गर्दी, पाकीटमार, चुकीचा फलाट, आणखी काय काय.

"अहो, जाऊ द्या तिला," ही म्हणाली. "ताई फलाटावर येईल घ्यायला."

मोठं कर्ज मंजूर करताना आमच्या मॅनेजरचा जसा चेहरा होतो तसा चेहरा करून मी हो म्हटलं.

दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. लेक लेडीज डब्यात चढली. "बाबा, तू आता घरी जा हं," तिने बजावलं. "हो, हो," म्हणत मी शेजारच्या डब्यात शिरलो. पाठलाग करण्याचं काम पुस्तकात राक्षसाकडे असतं, हे काही तेव्हा सुचलं नाही.

मधल्या जाळीतून दिसू नये म्हणून मी एका जाड्या गृहस्थांच्या आड, पार आत जाऊन उभा राहिलो. घाटकोपर आलं. उतरणारे उतरले, चढणारे चढले आणि मी दोघांच्या मधे होतो तिथेच राहिलो. गाडी सुटली. खिडकीतून दिसलं, लेकीने मावशीचा हात धरला होता आणि गर्दीतून वाट काढत मावशीला ती नेत होती.

विद्याविहारला उतरलो, जिना चढलो, जिना उतरलो, उलटी गाडी पकडली आणि घामाघूम होऊन घाटकोपरला पोचलो, तर दोघी जिन्यापाशी माझी वाट बघत उभ्या!

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"भांडुपलाच दिसलं तुझं टक्कल. जाळीतून."

"मग हाक का नाही मारलीस?"

"तुला एकट्याला जमतंय का, बघत होते."

संध्याकाळी परत निघालो. ती लेडीज डब्यात, मी शेजारच्या, या वेळी उजळ माथ्याने. धाडसी मुलीची मागणी वाचनालयाच्या वहीत मी नोंदवून ठेवली आहे. बाई शोधताहेत. दरम्यान मुलुंड आलं. लेक टुणकन उतरली आणि धावत माझ्या डब्यासमोर येऊन उभी राहिली, मी उतरतोय की नाही ते बघायला.